७१४ आणि ७५५ : दोन फलंदाज आणि आकडे वाचण्याची रीत

दोन विद्यार्थ्यांपैकी अधिक हुशार कोण, असा प्रश्न पडला की आपण त्यांच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवतो. ज्याची बेरीज मोठी, तो पुढे. ही पद्धत सोपी असल्यामुळे ती आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु बेरीज किती विषयांची होती, परीक्षा कोणती होती आणि परीक्षेला कोणाला बसू दिले होते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आकडा खोटे बोलत नाही हे खरे. पण जे विचारले जात नाही, ते तो सांगतही नाही.

आकडे वाचण्याची ही रीत समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या बेसबॉल या खेळातील दोन थोर फलंदाजांची तुलना केली आहे. एकाचे नाव बेब रूथ, दुसऱ्याचे हँक ॲरन. रूथने कारकिर्दीत ७१४ होम रन मारले. हा विक्रम सुमारे चार दशके अबाधित राहिला. १९७४ मध्ये ॲरनने तो मोडला आणि पुढे ७५५ पर्यंत मजल मारली. ७५५ ही संख्या ७१४ पेक्षा ४१ ने मोठी आहे, एवढे पहिलीतील मूलही सांगेल. पण म्हणून ॲरन रूथहून श्रेष्ठ ठरतो काय? याचे उत्तर शोधताना आपल्याला चार प्रश्न विचारावे लागतील.

खेळाची तोंडओळख

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. म्हणून क्रिकेटच्या आधाराने त्याची ओळख करून घेऊ. चेंडू टाकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ‘बेस’ असतात. चेंडू टोलवून फलंदाजाने धावत सुटायचे आणि क्रमाने सर्व बेस ओलांडून मूळ जागी परत यायचे; तेव्हा एक धाव मिळते. चेंडू टोलवून फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचला, तर त्याच्या नावे एक ‘हिट’ लागते. चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, तर तो ‘होम रन’. तो आपल्या षटकारासारखाच. फरक इतकाच की फलंदाजाबरोबर त्या वेळी बेसवर उभे असलेले सर्व सहकारीही धाव पूर्ण करतात.

क्रिकेटमधील सरासरी म्हणजे प्रत्येक बादीमागे काढलेल्या धावा. बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी निराळी आहे. हिटच्या संख्येला अधिकृत पाळ्यांच्या संख्येने भागले की ती मिळते. ०.३०० ही सरासरी उत्तम समजली जाते. म्हणजे दहा पाळ्यांपैकी सात वेळा अपयशी ठरणारा खेळाडूही या खेळात मानाचा असतो. आणखी एक संज्ञा लक्षात ठेवावी : ‘वॉक’. पिचरने आवाक्याबाहेरचे चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला न मारता पहिला बेस मिळतो. वॉकची गणना अधिकृत पाळीत होत नाही. ही लहानशी बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दोन आयुष्ये

बेब रूथचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. घरच्यांना आवरेनासा झाल्यामुळे वयाच्या सातव्या वर्षी, १९०२ मध्ये, त्याला सेंट मेरीज या मुलांच्या निवासी औद्योगिक शाळेत धाडण्यात आले. अधूनमधूनचा काळ वगळता १९१४ पर्यंत त्याचे वास्तव्य तिथेच होते. तिथे तो सदरे शिवण्याचे काम शिकला आणि तिथेच ब्रदर मॅथायस या शिक्षकाने त्याला बेसबॉलचे धडे दिले. आपल्याला घडवले ते याच शिक्षकाने, ही कृतज्ञता रूथने आयुष्यभर बाळगली. वसतिगृहात वाढलेल्या वाचकांना या नात्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हँक ॲरनचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या गावी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. खेळाचे साहित्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. काठीने बाटल्यांची झाकणे टोलवत त्याने नजर आणि मनगट तयार केले. बॅट धरताना कोणता हात वर असावा, हे सांगणारेही कोणी नव्हते. उजव्या हाताने खेळणारा हा मुलगा डावा हात वर ठेवून बॅट धरत असे. व्यावसायिक खेळात आल्यावर त्याची ही पकड सुधारली गेली. १९५२ मध्ये तो इंडियानापोलिस क्लाऊन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघातून खेळला आणि १३ एप्रिल १९५४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, मिलवॉकी ब्रेव्हज संघातून मेजर लीग या सर्वोच्च स्तरावर उतरला.

आकडे शेजारी शेजारी

आता दोघांच्या कारकिर्दीतील मुख्य आकडे पाहू.

हंगाम : रूथ २२ (१९१४ ते १९३५), ॲरन २३ (१९५४ ते १९७६)
सामने : रूथ २,५०३, ॲरन ३,२९८
अधिकृत पाळ्या : रूथ ८,३९९, ॲरन १२,३६४
हिट : रूथ २,८७३, ॲरन ३,७७१
होम रन : रूथ ७१४, ॲरन ७५५
वॉक : रूथ २,०६२, ॲरन १,४०२
धावा : रूथ २,१७४, ॲरन २,१७४
सरासरी : रूथ ०.३४२, ॲरन ०.३०५
बेसवर पोहोचण्याचे प्रमाण : रूथ ०.४७४, ॲरन ०.३७४
स्लगिंग (दर पाळीमागे मिळवलेले बेस) : रूथ ०.६९०, ॲरन ०.५५५

या यादीतील धावांच्या ओळीवर वाचकांनी क्षणभर थांबावे. दोघांचा काळ निराळा, संघ निराळे, खेळण्याची शैली निराळी; पण खेळाचे अंतिम उद्दिष्ट जी धाव, तिची दोघांच्या खात्यावरील बेरीज तंतोतंत सारखी आहे. ही बरोबरी निव्वळ योगायोगाची आहे. तरीही केवळ बेरीज पाहणाऱ्याला ती पेचात टाकते. कारण बेरजेच्या न्यायाने इथे दोघे समान ठरतात.

पहिला प्रश्न : एकूण किती?

एकूण बेरजेत ॲरन पुढे आहे. त्याच्या हिट रूथपेक्षा जवळजवळ ९०० ने अधिक आहेत. त्याने सर्व फटक्यांतून मिळून ६,८५६ बेस मिळवले, रूथचे ५,७९३. बेसबॉलच्या इतिहासात इतके बेस दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. त्याचे सर्व ७५५ होम रन वजा केले, तरी ३,०१६ हिट शिल्लक राहतात. आणि ३,००० हिट हा टप्पा एरवीही मोजक्याच खेळाडूंनी गाठलेला आहे. यावरून ॲरन हा केवळ चेंडू उंच उडवणारा फलंदाज नव्हता, हे स्पष्ट होते.

ॲरनच्या बेरजेमागचे रहस्य म्हणजे सातत्य. एका हंगामात ५० होम रन त्याने कधीच मारले नाहीत. ४७ हा त्याचा उच्चांक, तोही १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मात्र १९५५ पासून १९७४ पर्यंत सलग वीस हंगामांत त्याने किमान २० होम रन मारले. रूथने मात्र १९२७ च्या एकाच हंगामात ६० मारले होते. एकाचे यश डोळे दिपवणारे, दुसऱ्याचे रोजच्या रोज रांजणात घातलेल्या घागरीसारखे. रांजण भरल्यावरच लोकांचे त्याकडे लक्ष गेले.

दुसरा प्रश्न : कितीपैकी किती?

बेरीज सांगते ते अर्धेच. ॲरनला रूथपेक्षा ३,९६५ अधिकृत पाळ्या अधिक मिळाल्या. तेव्हा भागाकार करणे क्रमप्राप्त आहे. रूथने दर ११.८ पाळ्यांमागे एक होम रन मारला. ॲरनने दर १६.४ पाळ्यांमागे. सरासरी, बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि स्लगिंग या तिन्ही मापांत रूथच पुढे आहे.

क्रिकेटमधील उदाहरण घेतले म्हणजे हा भेद चटकन ध्यानात येईल. कसोटीत सर्वाधिक १५,९२१ धावा सचिन तेंडुलकरच्या नावावर आहेत. त्या २०० सामन्यांतील. डॉन ब्रॅडमनच्या धावा ६,९९६. पण त्या अवघ्या ५२ सामन्यांतील आणि सरासरी ९९.९४. तेंडुलकरची सरासरी ५३.७८. बेरीज एकाकडे, प्रमाण दुसऱ्याकडे. दीर्घकाळ उच्च स्तरावर टिकून राहणे हा एक गुण, आणि प्रत्येक संधीचे सोने करणे हा दुसरा. एका गुणाच्या मापाने दुसरा मोजला, तर दोन्ही खेळाडूंवर अन्याय होतो.

मात्र भागाकार करतानाही सावध राहावे लागते. रूथला पिचर इतके भीत की अनेकदा मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकत. त्याचे २,०६२ वॉक अधिकृत पाळ्यांत धरलेलेच नाहीत. आता पाळ्या आणि वॉक यांची बेरीज करून त्या संख्येने भागाकार करून पाहू. रूथच्या बाबतीत ती १०,४६१ येते, म्हणजे दर १४.७ संधींमागे एक होम रन. ॲरनच्या बाबतीत ती १३,७६६ येते, म्हणजे दर १८.२ संधींमागे एक. रूथ अजूनही पुढे आहे, पण दोघांतील अंतर कमी झाले. होम रनचा एकही आकडा बदलला नाही. बदलला तो केवळ भाजक. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की ‘कशाच्या टक्के?’ असे विचारण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

‘रूथला ॲरनइतक्या पाळ्या मिळाल्या असत्या, तर त्याने हजाराहून अधिक होम रन मारले असते,’ असे त्रैराशिक काही जण मांडतात. गणिताने ते १,०५१ येते. पण माणसाचे शरीर त्रैराशिक मानत नाही. वाढत्या वयात तोच वेग टिकवणे हीच तर खरी कसोटी, आणि त्या कसोटीला ॲरन प्रत्यक्ष उतरला होता.

तिसरा प्रश्न : कोणत्या काळात?

रूथने मोठ्या खेळाची सुरुवात केली ती पिचर म्हणून. पिचर या नात्याने त्याने ९४ सामने जिंकले आणि ४६ गमावले. १९१४ ते १९१९ या बॉस्टनमधील सहा हंगामांत त्याचे होम रन अवघे ४९ होते. न्यूयॉर्क यांकीज संघात आल्यावर तो पूर्णवेळ फलंदाज झाला आणि उरलेले ६६५ होम रन १९२० नंतरचे आहेत. म्हणजे तारुण्यातील काही वर्षे त्याने दुसऱ्याच कामात घालवली. ७१४ या आकड्यात ही वर्षे दिसत नाहीत.

१९२० मध्ये रूथने ५४ होम रन मारले, तेव्हा त्याच्या लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्ज सिस्लरचे होते १९. १९२७ मध्ये त्याच्या ६० होम रनपुढे लीगमधील इतर प्रत्येक संघाची एकत्रित बेरीजही तोकडी पडली. समकालीनांच्या तुलनेत कोण किती पुढे होता, हे पाहण्यासाठी अभ्यासक एक निर्देशांक वापरतात. त्यात सर्वसामान्य फलंदाज म्हणजे १००. रूथचा निर्देशांक २०६ आहे, ॲरनचा १५५. ॲरन आपल्या काळातील सर्वसाधारण फलंदाजापेक्षा दीडपटीहून सरस होता, रूथ दुपटीहून.

इथे थांबले तर निकाल रूथच्या बाजूने लागतो, आणि फलंदाजीच्या सामर्थ्याचा विचार करता तो बराचसा योग्यही आहे. परंतु निर्देशांकातील ‘१००’ हा सर्वसामान्य फलंदाज कोण होता? तो कोणांमधून निवडलेला होता? हा प्रश्न आकड्याच्या आत शिरून विचारावा लागतो.

चौथा प्रश्न : मैदानात प्रवेश कोणाला होता?

रूथच्या संपूर्ण कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान नव्हते. तसा लेखी नियम नव्हता. पण सर्व संघमालकांनी पाळलेला अलिखित नियम लेखी नियमाहून कठोर होता. ही भिंत पडली १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून उतरला तेव्हा. रूथ त्याआधी बारा वर्षे निवृत्त झालेला होता. तेव्हा रूथ आपल्या स्पर्धकांहून दुपटीने सरस होता, हे विधान पूर्ण खरे आहे. मात्र ते स्पर्धक दार बंद करून निवडलेले होते. हा दोष रूथचा नव्हे. नियम त्याने केला नव्हता. पण आकडा वाचताना ते बंद दार विसरता येत नाही.

दाराबाहेर कोण उभे होते, याचे एकच उदाहरण पुरे. जोश गिब्सन हा कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधील असामान्य फलंदाज होता. जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या अवघे तीन महिने आधी, तो पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. मेजर लीगच्या मैदानावर एकही अधिकृत पाळी त्याला कधी मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना सर्वोच्च दर्जा असल्याचे मान्य केले आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट केले. त्या नोंदींनुसार गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२ आहे, सर्वांत अधिक. स्लगिंगमध्येही त्याचे ०.७१८ हे प्रमाण रूथच्या ०.६९० हून वरचे ठरले. निग्रो लीगचे अधिकृत हंगाम लहान असत, त्यामुळे गिब्सनची एकूण बेरीज रूथच्या जवळपासही जात नाही. ज्याला संधीच मोजून मापून मिळाली, त्याची योग्यता बेरजेत दिसत नाही. ती प्रमाणात शोधावी लागते. दुसऱ्या प्रश्नाचे खरे मोल इथे कळते.

ॲरनच्या वेळी दार उघडलेले होते. पण उंबरठा ओलांडणाऱ्याचे स्वागत होत नव्हते. १९५३ मध्ये दक्षिणेकडील राज्यांत खेळताना गोऱ्या सहकाऱ्यांसोबत एकाच हॉटेलात उतरण्याची त्याला मुभा नव्हती. वीस वर्षांनंतर, १९७३ च्या हंगामाअखेर त्याच्या नावावर ७१३ होम रन झाले आणि रूथचा विक्रम एका हाताच्या अंतरावर आला. त्या वर्षी त्याला नऊ लाखांहून अधिक पत्रे आली. त्यांत प्रेमाने लिहिलेली असंख्य होती. पण एका कृष्णवर्णीयाने रूथला मागे टाकू नये म्हणून शिवीगाळ करणारी, जिवे मारण्याची धमकी देणारी पत्रेही ढिगाने होती. त्याला अंगरक्षक ठेवावा लागला. ज्या हिवाळ्यात विक्रमाच्या आनंदाने झोप लागू नये, त्या हिवाळ्यात त्याची झोप भीतीने उडाली.

८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे, चौथ्या डावात, डॉजर्सच्या अल डाऊनिंगचा चेंडू त्याने कुंपणापार धाडला. तो ७१५ वा होम रन. ते वर्ष त्याने वीस होम रन मारून पूर्ण केले. ती द्वेषाची पत्रे त्याने पुढे जपून ठेवली. नोंदवहीत त्या ७१५ व्या फटक्यासाठी एकच आकडा वाढला; तो वाढवताना फलंदाजाच्या मनावर किती ओझे होते, यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

उपसंहार

मग श्रेष्ठ कोण? चारही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली तर असे म्हणता येईल : एका पाळीत, एका हंगामात, समकालीनांच्या तुलनेत रूथचे सामर्थ्य अधिक होते. दीर्घ पल्ल्यात, अधिक खुल्या स्पर्धेत आणि अधिक प्रतिकूल वातावरणात टिकून राहण्यात ॲरन थोर होता. ज्याला एकच शब्द हवा आहे, त्याचे समाधान या उत्तराने होणार नाही. पण खरे उत्तर पुष्कळदा दोन वाक्यांचे असते. ॲरनचा होम रनचा विक्रमही २००७ मध्ये बॅरी बाँड्सने मागे टाकला. विक्रम मोडले जातात. ते वाचण्याची रीत मात्र कायम उपयोगी पडते.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज शिक्षक, अधिकारी, पालक अशा नात्यांनी दररोज कोणाचे ना कोणाचे आकडे वाचत असतात : गुण, टक्के, क्रमांक, पगार. तो आकडा वाचताना हे चार प्रश्न जवळ ठेवावेत. एकूण किती? कितीपैकी? कोणत्या काळात? आणि दार कोणाला उघडे होते? ब्रदर मॅथायससमोर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा रूथच्या नावावर एकही आकडा नव्हता. बाटलीची झाकणे टोलवणाऱ्या ॲरनच्याही नव्हता. पहिल्याला वेळीच शिक्षक भेटला. दुसऱ्याची उलटी पकड सुधारायला बराच काळ जावा लागला. आपल्यासमोर आज शून्य घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे पाहताना, त्याला अजून किती पाळ्या मिळायच्या आहेत, हे आधी मोजावे.